खोल्यांतले शेजारी: वस्तीत सामावून घेण्याचे काम कुठून सुरू करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीजवळच्या एका भागात भाड्याच्या दीडशेएक खोल्या आहेत. काहींत उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले कारखाना कामगार राहतात, काहींत पेठ-सुरगाण्याकडची बांधकामावर जाणारी कुटुंबे. जुन्या रहिवाशांशी पाणी, कचरा आणि रात्रीचा आवाज यांवरून खटके उडतात. रहिवासी मंडळाला या सगळ्यांना सामावून घेणारे काही करायचे आहे. पैसा फारसा नाही. सुरुवात कपडेवाटप आणि एकत्र हळदीकुंकवाने करावी का?

करू नये. कपडेवाटपाने पहिल्याच दिवशी देणारे कोण आणि घेणारे कोण हे ठरून जाते, आणि मग ते पुसायला वर्ष जाते. कमावत्या माणसाला जुना शर्ट देऊन त्याच्याशी शेजारपण जुळत नाही. हळदीकुंकवाला मुस्लिम बायका, विधवा आणि पाळीवर गेलेल्या बायका येणार नाहीत. म्हणजे ज्या सर्वांत बाहेर आहेत त्याच पुन्हा बाहेर राहतील. सुरुवात रेशन, अंगणवाडी, शाळा आणि भाड्याचा कागद या चार गोष्टींनी करावी. या चारही गोष्टी पत्त्याला बांधलेल्या आहेत, त्यामुळे गाव सोडल्यावर त्याच आधी तुटतात. त्या जोडून देताना जुने आणि नवे लोक एका कामावर बसतात. ओळख तिथे होते.

आधी कोण आले आहे ते नीट पाहावे. 'परप्रांतीय' या एका शब्दाने कामाचे वाटोळे होते. नाशिकमध्ये निदान तीन तऱ्हा दिसतात. पहिली हंगामी टोळी. पेठ, सुरगाणा, हरसूल भागातली कुटुंबे भात-नागली काढून उतरतात, बांधकामावर किंवा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत राबतात आणि पावसाआधी लावणीसाठी परततात. ही माणसे याच जिल्ह्यातली असतात, तरी शहरात त्यांना परके समजले जाते. दुसरी तऱ्हा एकट्या पुरुषांची: एका खोलीत सहा-आठ जण, पाळीप्रमाणे झोपणारे, पैसे गावी पाठवणारे. तिसरी तऱ्हा बायकामुले आणून स्थिरावलेल्यांची. पहिल्यांना जाता-येता चालणारी सोय हवी असते, दुसऱ्यांना पगार आणि दवाखाना, तिसऱ्यांना शाळा आणि कायमचा पत्ता. तिघांना एकच योजना लावली की ती कोणालाच बसत नाही.

या शहराला बाहेरून आलेले लोक नवे नाहीत. सातपूर-अंबडला कारखाने आले तशी धुळे-जळगावची माणसे सिडको-सातपूरला वसली. आज तिथल्या गल्ल्यांत अहिराणी ऐकू येते आणि श्रावणात खानदेशची देवी कानबाई बसते. याच जिल्ह्यातल्या मालेगावचे विणकर मोमीन हे 1857 नंतर उत्तरेतून आलेल्यांचे वंशज. मंडळाच्या पहिल्या बैठकीत हा विषय जरूर काढावा. जुन्या रहिवाशांपैकी किती जणांचे वडील बाहेरून आले, ते हात वर करून मोजावे. बैठकीचा सूर तिथेच बदलतो.

मोजणी

मोजणी कुटुंबांची न करता खोल्यांची करावी. कुटुंबे मोजली तर एकटे पुरुष सुटतात. पाठकोऱ्या कागदावर गल्लीचा हाती नकाशा काढावा. त्यात नळ, संडास, कचऱ्याची जागा, अंगणवाडी, रेशन दुकान आणि प्रत्येक खोली यावी. दीडशे खोल्यांना सहा जोड्या पुरतात. जोडीत एक जुना रहिवासी आणि एक नव्यांपैकी, शक्यतो बाई. एका संध्याकाळी एक जोडी आठ-नऊ खोल्या करते, म्हणजे तीन संध्याकाळी काम होते. वेळ सात ते नऊची ठेवावी. दुपारी रात्रपाळीचे लोक झोपलेले असतात. सुट्टीचा दिवस रविवारच असेल असे धरू नये, त्या भागातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी विचारून घ्यावी.

विचारायचे इतकेच: खोलीत किती जण, सहा वर्षांखालची मुले, शाळेच्या वयाची मुले, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, रेशन कार्ड कुठले, कोणत्या महिन्यात गावी जातात, आणि इथे सर्वांत जास्त त्रास कशाचा. जात, धर्म, नागरिकत्व हे प्रश्न मोजणीत नसावेत. आधारच्या झेरॉक्स गोळा करू नयेत. यादी करणारा माणूस दिसला की लोक घाबरतात, विशेषतः बांगला बोलणारे, कारण अशा यादीचे पुढे काय होईल ही भीती त्यांना सतत असते. वही कोणाकडे राहणार हे आधीच सांगावे, आणि ती घरमालकाला, मुकादमाला किंवा निवडणुकीच्या उमेदवाराला दाखवली जाणार नाही हा शब्द पाळावा. हा शब्द एकदा मोडला की पुढची सगळी कामे बंद पडतात.

समिती कोणाची

अकरा जणांची समिती पुरे. त्यात सहा जण नव्यांपैकी असावेत आणि एकूण अकरांत निदान पाच बाया. बहुसंख्या नव्यांची ठेवण्यावर मंडळात कुरबुर होईल, पण तिथे मागे हटू नये. दोन 'प्रतिनिधी' घेतलेल्या समितीत ते दोघे बोलत नाहीत, मान हलवतात आणि तिसऱ्या बैठकीपासून येत नाहीत.

घरमालक आणि मुकादम यांना बैठकीला बोलवावे, सदस्य करू नये. एकाच्या हातात खोली असते, दुसऱ्याच्या हातात रोजगार. ते बसलेले असताना कोणी पगाराचे किंवा भाड्याचे बोलत नाही. तिसरा सांभाळायचा माणूस म्हणजे 'मी सगळ्यांच्या वतीने बोलतो' म्हणणारा गाववाला. सुरुवातीला तो फार उपयोगी वाटतो. काही महिन्यांनी कळते की एका जिल्ह्याच्या लोकांची कामे होत आहेत आणि बाकीच्यांना निरोपच जात नाहीत. म्हणून प्रत्येक गल्लीतून वेगळा माणूस घ्यावा, आणि एका गावचे दोनपेक्षा जास्त नकोत.

माणसे गावी जाणार हे गृहीत धरून प्रत्येक सदस्यामागे एक जोडीदार ठरवावा. कार्तिकात छठसाठी आणि एप्रिलमध्ये गव्हाच्या काढणीसाठी उत्तरेकडचे लोक जातात, होळीला आणि लग्नसराईत पेठ-सुरगाण्याचे. हे वेळापत्रक भिंतीवर लावावे आणि मोठे निर्णय त्या आठवड्यांत घेऊ नयेत. नव्यांपैकी निदान चार जण हजर नसतील तर निर्णय नाही, असा नियम लिहून ठेवावा.

बैठक अंगणवाडीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात घ्यावी. देवळाचा सभामंडप सोयीचा असतो, पण काही शेजारी तिथे यायला बिचकतात. रात्री साडेआठ ते साडेनऊ, बरोबर एक तास. इतिवृत्त मराठीत लिहावे आणि तिथल्या तिथे हिंदीत वाचून दाखवावे. बैठकीत सर्वांना अहो-जाहो. 'ए भैया' ही हाक बंद. नाव आणि पुढे जी, भाऊ, ताई, भाभी जे त्यांच्याकडे चालते ते. आदिवासी म्हाताऱ्याला अरे-तुरे करण्याची शहरी खोडही तिथेच थांबवावी. हे किरकोळ वाटेल, पण माणूस पुढच्या बैठकीला येतो की नाही हे बऱ्याचदा यावरच ठरते.

रेशनपासून सुरुवात का

कारण निकाल एका महिन्यात दिसतो, आणि त्यासाठी कोणाची मेहेरबानी लागत नाही. 'एक देश एक रेशन कार्ड' ही सोय 2019 मध्ये काही राज्यांत सुरू झाली आणि 2022 पर्यंत सर्व राज्यांत पोचली. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याखालचे कार्ड गावी असले तरी नाशिकच्या दुकानातून धान्य मिळते. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, सध्या मोफत. गावचे कार्ड रद्द करायचे नाही, नाव कमी करायचे नाही. इथे असलेल्यांनी आपला वाटा इथे घ्यावा, उरलेला गावातल्यांनी तिथे.

क्रम असा: गावी फोन करून कार्डाचा क्रमांक मागवावा. 'मेरा राशन' ॲपवर तो टाकून कोणाची नावे आहेत आणि कोणाचे आधार जोडलेले आहे ते पाहावे. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, राहिली असेल तर ती इथल्या दुकानातही होते. मग आधार घेऊन दुकानात जावे आणि यंत्रावर अंगठा द्यावा.

अडते कुठे, तेही पाहू. प्लेटिंग आणि सिमेंटच्या कामाने बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र घेत नाही. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो. डोळ्याच्या स्कॅनची किंवा ओटीपीची सोय असेल तर दुकानदाराकडे तीही मागावी. दुसरी अडचण, गावातल्यांनी त्या महिन्याचा पूर्ण कोटा आधीच उचललेला असतो. त्यासाठी घरात बोलून तारीख ठरवावी लागते. तिसरी सर्वांत जास्त ऐकू येणारी, 'तुमचा माल आलेला नाही'. दुकानाला धान्य त्याच्या नेहमीच्या कार्डांच्या हिशेबाने येते, त्यामुळे बाहेरच्या चाळीस कार्डांची तो खरोखर सोय करू शकत नाही. म्हणून दुकानदाराला पुढच्या महिन्याचा आकडा आधी लेखी द्यावा आणि त्याची प्रत धान्य वितरण कार्यालयात द्यावी. त्याला शत्रू करण्यापेक्षा हा कागद जास्त काम करतो. तरीही नकार आला तर 14445 वर तक्रार करावी. एक लक्षात ठेवावे, राज्य सरकार आपल्या कार्डधारकांना जे जादा देते, ते दुसऱ्या राज्यात मिळत नाही. तसे वचन कोणाला देऊ नये.

या कामासाठी वस्तीतल्याच दोन बाया तयार कराव्यात, एक हिंदी बोलणारी आणि एक मराठी. तीन-चार प्रकरणे सोबत केली की पाचवे त्या स्वतः करतात. त्यांना फोनच्या रिचार्जचे आणि रिक्षाचे पैसे द्यावेत, फुकट राबवू नये.

अंगणवाडी आणि शाळा

अंगणवाडीला रहिवासी दाखला लागत नाही. मुलाचे आधार नसेल तर आईचे चालते. सहा महिने ते तीन वर्षे वयाला घरी नेण्याचा आहार, तीन ते सहाला तिथे बसून गरम जेवण, आणि गरोदर व स्तनदा मातांना आहार. नोंद अडते ती वेगळ्याच कारणाने. गावच्या अंगणवाडीत नाव चालू असते आणि पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचे ॲप दुसरी नोंद घेत नाही. गावच्या ताईंना फोन करून नाव हलवून घ्यावे लागते. लसीकरणाचे कार्ड गावी राहिले असेल तर त्याचा फोटो मागवावा. त्यासाठी डोस चुकवू नये.

शाळेत 2009 चा शिक्षण हक्क कायदा पुरेसा स्पष्ट आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून थांबवता येत नाही, आणि मूल वयाच्या वर्गात बसवून त्याला विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. हंगामी कुटुंबांसाठी 'शिक्षण हमी कार्ड' आहे. निघताना गावच्या शाळेने ते द्यायचे आणि इथल्या शाळेने त्यावर मुलाला बसवून घ्यायचे. व्यवहारात ते निघताना विसरते. म्हणून दिवाळीनंतर टोळ्या उतरतात त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांकडे मुलांची यादी न्यावी, आणि कार्ड नसलेल्यांसाठी गावच्या शिक्षकांशी फोन जोडून द्यावा.

आता भाषा. लिपी देवनागरीच, म्हणून हिंदी मूल मराठी वाचून दाखवते आणि शिक्षकांना वाटते त्याला कळले. तसे नसते. 'शिक्षा' म्हणजे त्याच्यासाठी शिक्षण, इथे मार. 'चेष्टा' म्हणजे त्याच्याकडे प्रयत्न, इथे टिंगल. 'संसार' म्हणजे जग. 'राग' म्हणजे गाण्यातला. 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार आणि 'ळ' त्याच्या कानाला नवे. अशा शंभर शब्दांचा तक्ता वर्गात लावला तर पहिले दोन महिने फार सोपे जातात. सुरगाण्याच्या, कोकणा आदिवासींची कोकणी बोलणाऱ्या मुलाची अडचण उलटी असते. सगळे त्याला मराठीच समजतात आणि त्याची बोली 'अशुद्ध' म्हणून दुरुस्त करत राहतात. ते मूल गप्प होते. मोठ्या वर्गातल्या, तीच बोली बोलणाऱ्या मुलाला त्याच्या शेजारी बसवणे हा सर्वांत स्वस्त आणि हमखास उपाय आहे.

मोठ्यांच्या मराठीसाठी मुळाक्षरांपासून सुरुवात नको. चाळीस वाक्ये पुरतात: हजेरी मांडली का, पगार कधी होणार, कुठे दुखते, ही बस कुठे जाते, पावती द्या. आठवड्यात तीन दिवस, वीस मिनिटे, पाणी भरायच्या वेळेआधी. आणि शिकणे दोन्ही बाजूंनी व्हावे. जुन्या बायकांनी दहा वाक्ये भोजपुरीची शिकली की वर्ग टिकतो.

भाडे, पगार, दवाखाना

घरमालक भाडेकरार करत नाहीत, कारण भाडेकरू 'बसेल' ही भीती. खरे तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. वाद झाला आणि करार नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. हे मालकांना शांतपणे समजावले की निम्मे तयार होतात. नोंदणी ऑनलाइन होते, खर्च दोघांत वाटता येतो. जो आठ महिनेच राहणार आहे त्याच्यासाठी निदान दरमहा भाड्याची सही केलेली पावती आणि अनामत रकमेची नोंद. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे मालकाचे काम आहे, समितीने ते अंगावर घेऊ नये.

हंगामी कुटुंबाने आधारवरचा पत्ता बदलू नये. गावच्या योजना त्याच पत्त्यावर चालतात. स्थिरावलेल्याने बदलावा, आणि मतदार यादीतही नाव हलवावे. नाव हलवायला नमुना 8 असतो. बँकेत आधारचा पत्ता जुना असला तरी सध्याच्या पत्त्याचे स्वयंघोषणापत्र देता येते. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच स्पष्ट सांगावी: दुसऱ्या राज्याचे अनुसूचित जाती-जमातीचे प्रमाणपत्र इथल्या आरक्षणाला लागू होत नाही. आशा लावून नंतर मोडण्यापेक्षा हे बरे.

पगार बुडण्याच्या प्रकरणांत पुरावा नसतो हीच खरी अडचण. प्रत्येकाकडे छोटी वही हवी: तारीख, साइट किंवा कारखान्याचे नाव, किती तास, ठेकेदाराचे नाव आणि फोन, घेतलेली उचल. हजेरी कार्डाचा फोटो आठवड्यातून एकदा गावी घरच्यांना पाठवून ठेवावा, फोन हरवला तरी तो राहतो. ठेकेदार पळाला तर मूळ मालकावर पगाराची जबाबदारी येते, म्हणून तक्रारीत त्याचेही नाव घालावे. उचल फेडेपर्यंत कोणाला कोंडून किंवा कागद अडवून ठेवणे ही 1976 च्या कायद्याने बंद केलेली वेठबिगारी आहे. तिथे समितीने तडजोड करायला बसू नये, थेट तहसीलदार आणि पोलिसांकडे जावे.

दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्याला ईएसआय, म्हणजे कामगारांची आरोग्य विमा योजना, लागू होते. पगारातून 0.75 टक्के कापले जात असतील तर कार्ड मिळालेच पाहिजे, आणि सातपूरला त्याचे रुग्णालय आहे. बांधकामावरच्यांनी कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस काम ही अट. 90 दिवसांचा दाखला ठेकेदार देत नाही, मग दलाल पैसे घेऊन देतो आणि तो तपासणीत खोटा ठरतो. त्यापेक्षा साइटची वही दाखवून खरा दाखला मागण्यात वेळ घालवावा. 2027 च्या सिंहस्थाच्या कामांवर आलेल्या मजुरांनाही हेच लागू आहे.

खटके

कचऱ्याचे भांडण बहुतेक वेळा घंटागाडीच्या वेळेचे असते. गाडी येते तेव्हा पहिल्या पाळीचे लोक कामावर आणि रात्रपाळीचे झोपलेले. 'हे लोक घाण करतात' असा निष्कर्ष मात्र लगेच निघतो. गल्लीला ओला-सुका असे दोन झाकणाचे ड्रम आणि गाडीपर्यंत नेण्याची आठवड्याची पाळी, ज्यात जुन्यांची नावेही असतील, एवढ्याने बरेच निवळते. गाडीची वेळ बदलून मागायची तर अर्ज महापालिकेच्या त्या विभागीय कार्यालयात, खोल्यांच्या आकड्यासह. पाण्यालाही तसेच. नळ कमी असतील तर आधी आकडा, मग मागणी, आणि मागणीवर दोन्हीकडच्या सह्या. रात्रीच्या आवाजाचे मूळ एका खोलीत आठ माणसे आणि बसायला जागा नाही यात असते. शाळेच्या मैदानाचा एक कोपरा रात्री दहापर्यंत उघडा मिळाला तर तो प्रश्न निम्मा होतो.

सण आता आणावेत, पाच-सहा महिन्यांनी. आणि व्यवस्था त्यांच्या हाती द्यावी. गोदाघाटावर छठला जाणाऱ्या बायकांच्या रिक्षा जुन्या रहिवाशांनी लावून द्याव्यात, कानबाईच्या रोटांना नव्या शेजारणींना पीठ मळायला बोलवावे. गणपतीच्या वर्गणीची सक्ती नव्यांवर करू नये, यावरून मनातली अढी वर्षानुवर्षे राहते.

दर तीन महिन्यांनी पाच आकडे फळ्यावर लिहावेत: किती कार्डांवर नाशिकमध्ये धान्य उचलले, किती मुले त्या आठवड्यात प्रत्यक्ष वर्गात होती (पटावर नव्हे), अंगणवाडीत किती मुलांचे वजन झाले, पगाराच्या किती तक्रारी किती दिवसांत मिटल्या, आणि नव्यांनी मांडलेले किती विषय समितीने मंजूर केले. शेवटचा आकडा दोनदा शून्य आला तर समिती पुन्हा निवडावी.

खर्च फार नाही. वह्या, झेरॉक्स, दोन कार्यकर्त्यांचे रिचार्ज आणि प्रवास मिळून महिन्याला दोन-अडीच हजार रुपये धरावेत. ते जुन्या-नव्या सर्वांकडून खोलीमागे 15 रुपये असे उभे करावेत आणि हिशेब फळ्यावर लावावा. मार्चअखेर टोळ्या उठायला लागतात, तेव्हा त्या आठवड्यात समितीतले दोघे खोल्यांतून फिरून तीन गोष्टी हातात देतात का ते पाहावे: मुलाचे शिक्षण हमी कार्ड, लसीचे कार्ड आणि वहीत मांडलेला शेवटचा हिशेब. परतीच्या गाडीत बसताना या तिन्ही पिशवीत असल्या तर पुढच्या कार्तिकात ते कुटुंब त्याच गल्लीत खोली विचारायला येते.